प्रेमकवितेंतील ‘मी’ : रोम आणि गोदावरी



गेल्या वैशाखांत हिंगोलीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर गच्चीवर सतरंज्या पडल्या. स्नेही, त्यांच्या पत्नी, त्यांच्या वृद्ध मातोश्री आणि शेजारचीं दोन-चार माणसें अशी बैठक जमली. माझ्याजवळ हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ होती. तींतील कांहीं गाथा मराठींत अर्थ सांगत मीं वाचून दाखविल्या. मंडळी रंगून ऐकत होती. मध्येंच स्नेह्यांच्या पत्नी म्हणाल्या, “भाऊजी, हें बहुतेक सगळें बायकांच्या तोंडचें दिसतें. पण लिहिलें कोणीं? या बायकांना लिहितां येत होतें का?” मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. आजचें भाषण म्हणजे वहिनींच्या त्या प्रश्नाला उशिरा सुचलेलें उत्तर आहे.

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. प्रेमकवितेंत ‘मी’ म्हणणारें माणूस कोण, हा एक. आणि तें माणूस व कवि हीं एकच असतात काय, हा दुसरा. युरोपांत या दोन्ही प्रश्नांचा काथ्याकूट फार जुना आहे, आणि त्याचें एक मोठें मूळ लॅटिन भाषेंतील कवितेंत आहे. म्हणून प्रथम थोडा वेळ रोमला जाऊं आणि मग गोदावरीच्या कांठीं परत येऊं.

रोमन लोकांची ख्याति कायदे, रस्ते आणि लष्कर यांबद्दलची. अशा समाजांत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत कांहीं तरुण कवींनीं एक निराळेंच धाडस केलें. युद्धें, राज्यें आणि देवदेवता बाजूस सारून त्यांनीं स्वतःच्या प्रेमाची, मत्सराची आणि फजितीची कविता, अगदीं स्वतःचें नांव घालून, लिहिली. व्हेरोना गांवचा कॅटलस हा त्यांतील अग्रणी. तो तिशीच्या सुमारास वारला. मागें राहिल्या शंभराहून थोड्या अधिक कविता, आणि त्याहि जवळजवळ सर्व एका हस्तलिखिताच्या पुण्याईनें! इ. स. १३०० च्या सुमारास तें व्हेरोनांत उजेडांत आलें आणि पुढें पुन्हा हरवलें. आज आहेत त्या त्याच्या नकला.

कॅटलस आपल्या प्रेयसीला ‘लेस्बिया’ म्हणतो. हें टोपणनांव होय. लेस्बॉस बेटावरील प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो हिचें स्मरण त्यांत आहे. या कवितांत चुंबनांची मोजदाद आहे, लेस्बियाच्या पाळीव चिमणीच्या मृत्यूचा शोक आहे, आणि पुढें विश्वासघाताचा कडवटपणाहि आहे. एके ठिकाणीं अवघ्या दोन ओळींत तो सांगतो कीं द्वेष आणि प्रेम हीं दोन्ही आपल्या मनांत एकाच वेळीं नांदत आहेत, आणि तें कां, याचा आपणांस उलगडा होत नाहीं. दुसऱ्या एका कवितेंत तो स्वतःलाच नांवानें हांक मारून समजावीत बसतो. यापूर्वीं रोममध्यें कवितेंतून इतक्या जवळून कोणी बोललें असल्यास तें आपल्यापर्यंत आलेलें नाहीं.

त्याच्यामागून प्रोपर्शियस, टिबुलस आणि ओव्हिड आले. प्रोपर्शियसच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला शब्दच मुळीं ‘सिंथिया’ हें प्रेयसीचें नांव आहे. टिबुलसची डेलिया, ओव्हिडची कोरिना. वाचकांना मग स्वस्थ बसवेना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अप्यूलियस नांवाच्या लेखकावर जादूटोण्याचा खटला झाला. त्या वेळच्या आपल्या बचावाच्या भाषणांत त्यानें हीं नांवें फोडून सांगितलीं आहेत. लेस्बिया म्हणजे क्लोडिया, सिंथिया म्हणजे होस्टिया आणि डेलिया म्हणजे प्लानिया! क्लोडिया म्हणतांच पुढच्या विद्वानांना एका बड्या घराण्यांतील क्लोडिया आठवली, जिच्यावर सिसेरोनें इ. स. पूर्व ५६ मध्यें एका खटल्यांत भरपूर तोंडसुख घेतलें होतें. झालें! कविता बाजूस राहिली आणि क्लोडियाचें चरित्र रचलें जाऊं लागलें. त्या चरित्राला आधार कोणता म्हणाल, तर पुन्हा त्याच कविता.

खुद्द कवींचें म्हणणें निराळें होतें. कवि स्वतः शुद्ध असावा, त्याच्या कवितेनें तसें असलेंच पाहिजे असें नाहीं, असें कॅटलसनें टीकाकारांना ठणकावलें आहे. ओव्हिडच्या कोरिनेचा तर पत्ता आजवर कोणास लागला नाहीं. माझ्या मतें ती कोणीच नसावी. पण या ओव्हिडची हकीकत मनाला चटका लावणारी आहे. सम्राट ऑगस्टसनें त्याला इ. स. ८ मध्यें काळ्या समुद्राच्या कांठीं टोमिस येथें हद्दपार केलें. कारणें दोन, एक कविता आणि एक चूक, असें तो स्वतः लिहितो. चूक कोणती तें त्यानें सांगितलें नाहीं. कविता म्हणजे प्रेमकलेवरील त्याचें खट्याळ पुस्तक, असें समजलें जातें. टोमिसहून त्यानें परोपरीनें विनविलें कीं माझें वर्तन निराळें आणि माझ्या लेखणीचा खेळ निराळा. सम्राट बधला नाहीं, आणि त्याच्यामागून आलेला सम्राटहि बधला नाहीं. ओव्हिड तेथेंच वारला.

या मंडळींच्या वृत्ताची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ओळींची एक जोडी असते. पहिल्या ओळींत सहा गण, दुसरींत पांचच. लॅटिनांत गणाला ‘पाय’ म्हणतात. ओव्हिड थट्टेनें सांगतो कीं मी युद्धकाव्य लिहावयास बसलों होतों, पण मदनानें दुसऱ्या ओळीचा एक पाय चोरला आणि त्याची प्रेमकविता झाली. आतां आपली प्राकृत गाथा पाहा. तिच्या पहिल्या अर्धांत ३० मात्रा, दुसऱ्या अर्धांत २७. पहिली ओळ पूर्ण चढते, दुसरी थोडी अलीकडेच थांबते. दोन्हीकडे प्रेमाला हें लंगडें वृत्तच मानवलें. हा निव्वळ योगायोग आहे. यावरून कोणीं कोणाचें उसनें घेतलें असा तर्क कृपा करून लढवूं नये.

तथापि रोम आणि गोदावरी एकमेकांस अगदींच अनोळखी नव्हतीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनांत पैठण हें भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें लिहिलें आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणहून रंगीत खडे जात, तगरहून कापड जाई. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति निघाली. तिच्याशीं पुष्कळ साम्य असलेली मूर्ति तेरलाहि मिळाली आहे. खडे गेले, कापड गेलें, मूर्ति गेली. कविता गेली किंवा आली याला मात्र कांहींच पुरावा नाहीं.

हें व्यापारी पैठण ज्या सातवाहन राजांचें, त्यांच्यापैकींच हाल हा एक. पुराणांतल्या राजवंशाच्या यादींत त्याचें नांव येतें. एक कोटि गाथांतून त्यानें सातशें निवडल्या, असें संग्रहाच्या आरंभींच सांगितलें आहे. कोटीचा आंकडा अर्थातच कौतुकाचा. सातव्या शतकांत बाणभट्टानें या कोशाची स्तुति केली. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडितानें १८७० व १८८१ मध्यें तो छापून युरोपला दाखविला. आणि मराठींत स. आ. जोगळेकरांची विस्तृत आवृत्ति १९५६ मध्यें निघाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां या ग्रंथाचें नांव पुष्कळांच्या तोंडीं झालें. नांव घेणारे पुष्कळ आणि उघडून पाहणारे थोडे, ही गोष्ट मात्र होती तशीच आहे.

वेबरनें निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या, तों सर्व प्रतींत सांपडणाऱ्या गाथा सुमारें ४३० च भरल्या. बाकीच्या या प्रतींत आहेत तर त्या प्रतींत नाहींत. म्हणजे हा संग्रह एका दिवसांत, एका राजाच्या हातून झालेला नव्हे. याची एक खूण हिंगोलीच्या अगदीं शेजारीं आहे. हिंगोलीहून सुमारें ५० किलोमीटरवरील वाशीम, म्हणजे जुनें वत्सगुल्म, येथें वाकाटक राजांची एक शाखा राज्य करीत होती. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन चौथ्या शतकांतला. तो स्वतः प्राकृत कवि होता. त्याच्या ‘हरिविजय’ काव्याची वाखाणणी पुढील साहित्यशास्त्रज्ञांनीं केली आहे, जरी तें काव्य आज उपलब्ध नाहीं. सप्तशतींतल्या कांहीं गाथाहि टीकाकारांनीं सर्वसेनाच्या नांवावर मांडल्या आहेत. हालाच्या संग्रहांत त्याच्या मागाहून दोन-तीन शतकांनीं झालेला कवि यावा, याचा अर्थ काय तो आपणच समजावा. वाशीमला १९३९ मध्यें उजेडांत आलेला याच घराण्याचा ताम्रपट कांहीं संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत आहे, आणि त्यांत दान दिलेलें गांव नांदीकट, म्हणजे नांदेडच्या उत्तर भागांतलें आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधला मुलूख म्हणजे आजचा हिंगोली जिल्हा. ज्या गच्चीवर आम्ही गाथा वाचीत होतों तिच्या आसपास एके काळीं राजाच्या हुकुमांतहि ही भाषा चालत होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या गाथांत आहे काय? राजवाडा जवळजवळ नाहींच. शेतकरी आहे, पाटलाची सून आहे, वाटसरू आहे, परगांवीं गेलेला नवरा आहे, आत्या-मावश्या आणि सखी आहेत. गोदावरी पुनः पुनः येते, विंध्य येतो, तागाचीं आणि कपाशीचीं शेतें येतात, कारण तींच चोरून भेटण्याचीं ठिकाणें! एका प्रसिद्ध गाथेंत पाणपोईवरची तरुणी आणि तहानलेला वाटसरू आहेत. त्याची नजर वर, बोटांच्या फटींतून पाणी गळून जात आहे; आणि तीहि धार बारीक बारीक करीत आहे. कोणीच कांहीं बोलत नाहीं. लॅटिन कवि हा प्रसंग सांगता तर आरंभीं स्वतःचें नांव घालता, तिलाहि एक नांव देता आणि शेवटीं बहुधा तक्रार करता. येथें कोणालाच नांव नाहीं.

आणि यामुळेंच आपल्याकडील वाचकांची पंचाईत रोमन वाचकांच्या उलट झाली. तिकडे नांव होतें, म्हणून लोक चरित्र शोधीत सुटले. इकडे नांव नाहीं, म्हणून ‘हें कोण कोणास म्हणत आहे’ तें प्रत्येक वेळीं वाचकानें बसवावयाचें. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हां ध्वनीच्या पहिल्या उदाहरणासाठीं त्यानें गोदावरीकांठची ही गाथाच उचलली. फुलें वेंचावयास येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला कोणी स्त्री सांगते कीं आतां खुशाल या, तुम्हांला भिवविणारें तें कुत्रें नदीकांठच्या सिंहानें मारलें. शब्द ‘या’ असे आहेत, अर्थ ‘येऊं नका’ असा आहे. कारण ती जागा तिच्या भेटीची आहे. शब्दाच्या मागें दडलेली ती व्यक्ति ओळखल्याशिवाय कविता कळतच नाहीं. हजारों कोसांवरच्या पंडिताला काव्यशास्त्राचा सिद्धान्त या गांवरान बाईकडून शिकावा लागला, ही मला आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतील मोठी आनंदाची गोष्ट वाटते. मागाहून मात्र टीकाकारांनीं प्रत्येक गाथेच्या माथ्यावर ‘ही कुलटा’, ‘ही स्वीया’, ‘ही दूतीची उक्ति’ अशा चिठ्ठ्या डकविल्या, आणि जिवंत बाईची ‘नायिका’ होऊन बसली. क्लोडियाच्या चरित्रकारांनीं जें एका टोकाला केलें तेंच आमच्या मंडळींनीं दुसऱ्या टोकाला केलें.

वहिनींचा प्रश्न याच ठिकाणीं येऊन टोंचतो. या गाथांतील ‘मी’ बहुतांशीं स्त्री आहे. मग कवि? हस्तलिखितांतून आणि टीकांतून गाथांच्या कर्त्यांचीं नांवें आढळतात. त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशीं स्त्रियांचींहि नांवें आहेत. परंतु तीं मूठभर, आणि सर्व प्रतींचा त्यांबाबत मेळ बसत नाहीं. बाकीच्या गाथा पुरुषांनीं स्त्रीचा आवाज काढून रचल्या असतील, किंवा स्त्रियांच्याच असून पुरुषांच्या नांवावर चढल्या असतील. कागदावरून याचा निकाल लागत नाहीं.

रोममध्यें काय झालें पाहा. टिबुलसच्या कवितांच्या पोथींत सल्पिशिया नांवाच्या स्त्रीच्या सहा छोट्या कविता राहून गेल्या आहेत; सर्व मिळून ओळी ४०. ऑगस्टसच्या काळची, मोठ्या घरची, शिकलेली मुलगी. आपलें प्रेम झांकून ठेवण्यापेक्षां तें उघड झालेलें बरें, असें ती म्हणते. वाढदिवसाला प्रियकराला सोडून खेड्यांत जावें लागणार म्हणून चिडते. आणि एके ठिकाणीं सर्वियसची मुलगी सल्पिशिया असें स्वतःचें नांव बापाच्या नांवासकट टाकते. त्या काळच्या लॅटिन प्रेमकवितेंत स्त्रीचा म्हणून आपल्या हातीं आलेला आवाज तो एवढाच. त्या चाळीस ओळींचें देखील विद्वानांना ओझें झालें! कित्येक शतकें त्या टिबुलसच्याच समजल्या जात. एकोणिसाव्या शतकांत त्या तिच्या ठरल्या, पण त्यांची भाषा ‘बायकी’ म्हणून नाक मुरडण्यांत आलें. आणि अलीकडे कांहींजण म्हणतात कीं हाहि एखाद्या पुरुषाचाच खेळ असावा. पुरुष कवीनें ‘मी’ म्हटलें कीं तो प्रांजळ ठरतो. स्त्रीनें नांवानिशीं म्हटलें तरी तिला साक्षीदार आणावा लागतो. हा न्याय मला तरी समजत नाहीं.

मराठींतहि पुढें हाच तिढा राहिला. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आपण ऐकतों. बोलणारी विरहिणी आहे, कर्ता पुरुष आहे, आणि त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटत नाहीं. लावणींत बाईच्या तोंडीं शृंगार आणि अखेरच्या कडव्यांत शाहिराचें नांव. स्वतःचें नांव घालून ‘मी’ म्हणण्याची रीति घट्ट रुजली ती संतांच्या अभंगांत. नामदेवांचें जन्मगांव म्हणून मानलें जाणारें नरसी याच हिंगोली जिल्ह्यांत आहे, आणि जनाबाईंचें गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यांत, गोदावरीवर. जनाबाई विठ्ठलाला जवळ बसवते, रागें भरते, त्याच्याकडून दळणकांडणाला हात लावून घेते, आणि शेवटीं आपलें नांव सांगते. इतक्या सलगीनें नवऱ्याशीं किंवा प्रियकराशीं बोललेली, स्वतःच्या नांवाची, त्या काळच्या स्त्रीची मराठी कविता मला माहीत नाहीं. देवाशीं बोलतांना जी मोकळीक होती ती माणसाशीं बोलतांना नसावी.

नांव न घालतां मात्र स्त्रिया बोलतच होत्या. हेमा राईरकर व त्यांचे सहकारी गी प्वातव्हाँ यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेकरूं आहे, सासुरवास आहे. आणि मधूनच, अगदीं चोरट्या पावलांनीं, घरधन्याची ओढहि येते. गाणाऱ्यांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या.

त्या रात्रीं हिंगोलीच्या गच्चीवर मीं वहिनींना यांतलें कांहींच सांगितलें नाहीं, कारण तें तेव्हां सुचलें नाहीं. स्नेह्यांच्या मातोश्री इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलें, त्यांना झोंप लागली. पण त्या म्हणाल्या, “लिहायला कशाला यायला पाहिजे? जातं होतं कीं घरांत.” आणि आवाज अगदीं खालीं घेऊन त्यांनीं एक ओवी म्हटली. नवरा बाजाराला गेलेला, दिवस कलला तरी आला नाहीं, एवढाच तींतला मजकूर. सूनबाईंनींहि ती पूर्वीं ऐकली नव्हती.

मीं विचारलें, “आजी, ही ओवी कोणाची?”

“माझ्या आत्याची,” त्या म्हणाल्या, मग थोडा विचार करून, “नाहीं रे, तिनं तिच्या सासूकडून घेतली असेल.”